चौथा स्क्रू

चौऱ्याऐंशी जर्नलांचं वजन एकोणतीस किलो भरतं. हर्षदा वाघमोडेनं एकदा ते खरंच भंगारवाल्याच्या काट्यावर करून पाहिलं होतं. एकोणतीस किलो म्हणजे तिच्या मुलीच्या, मनवाच्या, जवळजवळ दुप्पट. आणि मनवा पाच वर्षांची.

सोनवड्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेली तेवढीच मुलं होती आणि त्यांची जर्नलं तपासायचं काम गेली सहा वर्षं हर्षदाकडेच होतं. मधल्या काळात सगळं टंकलिखित झालं होतं. मग यंत्रंच निबंध लिहू लागली, प्रयोगाचे अहवाल लिहू लागली, आणि छापील पानावरचा शब्द मुलाचा की यंत्राचा हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा विद्यापीठानं फर्मान काढलं की प्रयोगाची वही पुन्हा हातानंच लिहायची. मुलांनी कपाळाला हात लावला, आणि हर्षदाच्या स्कूटरच्या पायाशी पुन्हा पिशव्या आल्या. घरी एका हातात मनवाचं वाफेचं यंत्र धरायचं आणि दुसऱ्या हातानं लाल पेनानं टिक करत जायचं. शंभराव्या पानानंतर आपण काय वाचतोय हे तिला कळत नसे. टिक मात्र बरोबर पडत असे.

म्हणून 'पारखी' आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

पारखी दिसायला झेरॉक्सच्या मशीनसारखाच होता, फक्त अंगानं थोडा आडवा. विद्यापीठानं तो चाचणीसाठी पाच कॉलेजांना दिला होता आणि सोनवड्याची समन्वयक म्हणून हर्षदाचं नाव कळवलं होतं. विभागप्रमुख पाटसकर सरांनी तिला खोलीत बोलावून दार लोटलं आणि सांगितलं, की कायम पदाची मुलाखत पुढच्या महिन्यात लागते आहे. सहा वर्षं तासावर काढलीस. हा चाचणीचा अहवाल स्वच्छ गेला, तर समितीपुढं दुसरं काही मांडायची गरज नाही. सर फार बोलणारे नव्हते. एवढं बोलले म्हणजे बरंच झालं.

हर्षदानं त्या रात्रीपासून घड्याळाऐवजी कॅलेंडर बघायला सुरुवात केली.

यंत्राचं काम तिनं मुलांना दोन तासिकांत समजावून सांगितलं. पारखी अक्षर वाचतोच, पण त्याआधी कागद वाचतो. पानावर अगदी तिरपा प्रकाश टाकला की पेनाच्या दाबानं पडलेली चर दिसते. कुठं हात थांबला, कुठं पळाला, कुठली शाई आधी वाळली, हे त्या चरीत उमटलेलं असतं. प्रयोग करणारा माणूस दुर्बिणीत बघतो, एक आकडा लिहितो, परत बघतो. त्याच्या प्रत्येक आकड्याआधी एक थांबा असतो. उतरवून काढणारा मात्र पाच-सहा आकडे एका दमात लिहितो, मग मान वळवून शेजारच्या वहीत बघतो. दुसरी खूण आकड्यांची. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक कुठलाही येतो, लागोपाठ दोनदा तोच येतो, शून्यही येतं. मनानं आकडे रचणारा माणूस तसं करायला बिचकतो. त्याला वाटतं, हे खोटं दिसेल. म्हणून तो सात लिहितो, तीन लिहितो, आणि तिथंच सापडतो.

तिसरं काम हर्षदाला सगळ्यांत आवडलं होतं. एका वहीतून दुसरीत चुका उतरतात, तिसरीत जातात. त्या चुकांच्या मागावर जाऊन पारखी वह्यांची वंशावळ काढतो. कोण कुणाची आई, कोण कुणाची पणजी, सगळं.

पहिल्या फेरीला चौऱ्याऐंशी जर्नलं घातली आणि बावीस मिनिटांत निकाल आला. एक्याऐंशी वह्यांवर 'उतरवलेली' असा शिक्का.

प्रयोगशाळेतले बाबरमामा, जे गेली तीस वर्षं उपकरणं काढून देत आणि मोजून परत घेत, ते हा निकाल ऐकून पोट धरून हसले. "मॅडम, पोरं कच्च्या वहीत रीडिंग घेत्यात आन् घरी जाऊन पक्क्यात उतरवत्यात. तुम्ही पन तसंच केलं, पाटसकर सरांनी पन तसंच केलं. ह्या डब्ब्याला कुनी सांगायचं?"

खरंच होतं ते. कच्ची वही फेकायची, पक्की दाखवायची, हीच पद्धत. हर्षदानं दुसऱ्या दिवशी नियम बदलला: कच्ची वही बंद. जे दिसेल ते तिथंच, टेबलाशी, जर्नलमध्ये लिहायचं. खाडाखोड चालेल. गुणांची वाटणीही विद्यापीठानं ठरवून दिली होती, दहापैकी चार अस्सलपणाला, चार उत्तर बरोबर येण्याला, दोन नीटनेटकेपणाला. हर्षदाला ती तेव्हा रास्त वाटली.

मात्र एकदा नजर तयार झाली की ती कॉलेजच्या फाटकाशी थांबत नाही.

मनवाला दम्याची सुरुवात होती. डॉक्टरांनी एक नळी दिली होती. तिच्यात जोरानं फुंकायचं, काटा सरकतो, तो आकडा सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायचा. घरात तिला फुंकरमीटर म्हणत. दीडशेच्या आसपास असेल तर उत्तम, एकशेवीसच्या खाली गेलं तर फोन करा, असं डॉक्टरांचं सांगणं. हर्षदाचा नवरा प्रसन्न पुण्याला, शनिवार-रविवारी येणार. त्यामुळं सकाळचा आकडा हर्षदा लिही आणि संध्याकाळचा सासूबाई. हर्षदा घरी पाय टाकायची तो वहीकडंच. पर्ससुद्धा खाली ठेवायची नाही.

त्या शुक्रवारी ती वही उघडून उभी राहिली आणि बोट रकान्यावरून वर-वर नेत गेली. संध्याकाळचा रकाना: एकशेचाळीस, दीडशे, एकशेचाळीस, दीडशे, एकशेपंचेचाळीस, दीडशे. तीन आठवडे सलग. एकदाही लागोपाठ तोच आकडा नाही. एकदाही एकशेतीस नाही. आणि एकदाही खाडाखोड नाही.

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. हर्षदानं आवाज न चढवता विचारलं, की आई, मनवा संध्याकाळी फुंकते ना? त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, कधी फुंकते, कधी पळून जाते.

"मग आकडा कुठून येतो?"

"मी लिहिते." त्यांनी पातेलं बाजूला सारलं. "तुला खरं सांगू? गेल्या महिन्यात एकशेपंचवीस आलं होतं, लिहिलं मी. तू दारात उभी राहून ते वाचलंस आणि तुझा चेहरा असा झाला की पोरगी माझ्या मागं लपली. रात्रभर तू तिच्या छातीला कान लावून बसलीस. तेव्हापासून ती फुंकायलाच मागत नाही. म्हणते, आजी, कमी आलं तर मम्मी घाबरते. मग मी तुला पाहिजे तो आकडा लिहायला लागले."

हर्षदाला खूप काही बोलायचं होतं. पोरीच्या जिवाशी खेळ, एवढं तर नक्कीच. पण 'तुला पाहिजे तो आकडा' हे शब्द ऐकल्यावर तिनं नुसतं मनवाला हाक मारली. मनवा आली, तिनं फुंकलं आणि काट्याकडं न बघता ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली. एकशेतीस. हर्षदानं ते लिहिलं. चेहरा सरळ ठेवायला तिला केवढे कष्ट पडले, ते तिचं तिला माहीत.

सोमवारी नव्या नियमानं लिहिलेली पहिली जर्नलं पारखीत गेली आणि मंगळवारी निकिता सरवदे तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. निकिता आटपाडीकडची, मेंढपाळाची मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी. तिला दहापैकी पाच गुण पडले होते: अस्सलपणाचे चार, नीटनेटकेपणाचा एक, उत्तराला भोपळा. तिच्या शेजारच्या मुलीनं मागच्या वर्षीची वही आणून टेबलाखाली ठेवून उतरवली होती. तिला अस्सलपणाचं शून्य, पण उत्तराचे चार आणि नीटनेटकेपणाचे दोन. सहा.

"मॅडम, खोटं लिहिलं असतं तर एक मार्क जास्त पडला असता," निकिता म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. बेरीज सांगावी तसं. "मी रीडिंग तीनदा घेतलं. माझं चुकलं कुठं तेवढं दाखवा."

प्रयोग जुनाच होता, सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याचा. काचेच्या एका चौकोनावर एका इंचात हजारो बारीक रेघा मारलेल्या असतात. त्या जाळीतून प्रकाश गेला की तो ठरावीक कोनात वळतो. रेघा जितक्या दाट तितका जास्त वळतो. कोन मोजायचा, रेघांचा आकडा जाळीच्या पेटीवर लिहिलेला असतो तो घ्यायचा, आणि गणित करायचं. उत्तर पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम यायला हवं. बाबरमामांनासुद्धा ते पाठ. निकिताचं आलं होतं चार हजार नऊशे अकरा. त्या लांबीचा प्रकाश निळसर हिरवा असतो. डोळ्यांसमोर पिवळाधमक दिवा जळत होता आणि वही म्हणत होती, हा निळा आहे.

हर्षदानं निकिताला घेऊन तिनं प्रयोग केलेलं पहिलं टेबल गाठलं. दिवा तापू दिला, दुर्बीण फिरवली, पिवळी रेघ उभ्या तारेवर आणली आणि भिंगातून कोन वाचला.

सोळा अंश बावन्न मिनिटं.

तिनं तो पुन्हा वाचला. कारण हा आकडा तिला ओळखीचा होता. तेरा वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, तिनं तो वाचला होता. तेव्हा ती हर्षदा लेंगरे होती, वर्गात पहिली येणारी. तिनं गणित केलं, चार हजार नऊशे काहीतरी आलं, आणि पाटसकर सर रांगेतून येत होते. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: उत्तर आलं का? काय आलं, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हर्षदानं मग उलटं गणित मांडलं. उत्तर त्र्याण्णव यायला कोन किती हवा? वीस अंश बावीस मिनिटं. तोच लिहिला, इकडंतिकडं एक-दोन मिनिटं हलवून, खरं वाटेल असं. सरांनी पान बघितलं, सही केली, आणि वर्षाच्या शेवटी तिची वही नमुना जर्नल म्हणून काचेच्या कपाटात गेली. ती अजून तिथंच होती. मुलं ती बघायला मागत आणि बाबरमामा काढून देत.

"माझं बरोबर आहे ना, मॅडम?" निकितानं विचारलं.

"तुझं बरोबर आहे," हर्षदा म्हणाली. "थांब जरा."

ती दुसऱ्या टेबलाकडं गेली. तिथल्या पेटीवर रेघांचा आकडा वेगळा होता, साडेबारा हजार. पहिल्या टेबलाच्या पेटीवर पंधरा हजार. तिथला कोन वाचला तर वीस अंश बावीस मिनिटं. पेटीवरचा आकडा घालून गणित केलं, उत्तर आलं सात हजार बाहत्तर. हा तर गडद तांबडा. एका टेबलावर निळसर, दुसऱ्यावर तांबडा, आणि दिवा दोन्हीकडं तोच.

निकिता कागदावर दोन्ही उत्तरं लिहून बघत होती. तिनं पेन थांबवलं. "मॅडम, काचा अदलाबदल झाल्यात. ह्या पेटीतली त्या पेटीत."

एवढंच होतं. कधीतरी, कुणीतरी, पुसून ठेवताना या पेटीतली जाळी त्या पेटीत ठेवली असणार. दोन काचा अदलाबदल करून त्यांनी पुन्हा मोजलं: पाच हजार नऊशे दोन आणि पाच हजार आठशे सत्त्याऐंशी. बाबरमामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. निदान तेरा वर्षं, दर वर्षी ऐंशी-नव्वद मुलं, आणि एकाच्याही वहीत खरा आकडा नाही. असता, तर पहिल्याच वर्षी पेट्या सरळ झाल्या असत्या.

त्याच आठवड्यात पारखीचा पूर्ण अहवाल आला. विद्यापीठाच्या सूचनेवरून कोठीतली मागच्या पाच वर्षांची जर्नलंही त्यात घातली होती, आणि कपाटातला नमुनाही. शेवटच्या पानावर वंशावळ होती. उलट्या झाडासारखी, चारशे फांद्या खाली, आणि सगळ्या वर एका बुंध्याशी जाऊन मिळालेल्या. पुरावा म्हणून यंत्रानं एकच चित्र मोठं करून दिलं होतं. कोन मोजायच्या उपकरणात जाळी ज्यावर ठेवतात त्या छोट्या चौरंगाला खालून तीन स्क्रू असतात, तो सपाट करायला. चारशे वह्यांत मुलांनी चार काढले होते. डोळ्यांपुढं तीन असताना चार. आणि चौथा स्क्रू पहिल्यांदा जिच्या वहीत उगवला होता, तिचं नाव खाली छापलं होतं: मूळ प्रत, कु. लेंगरे ह. दा.

पाटसकर सरांनी ते पान दोनदा वाचलं. हर्षदा समोर उभी होती. सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी जे सांगितलं ते तिच्या भल्याचंच होतं. पेट्यांचं आपण सरळ केलंच आहे, तेवढं अहवालात लिहू. यंत्रामुळं दोष सापडला म्हणजे चाचणी यशस्वी. वंशावळीचं पानही जाऊ दे, लपवायचं काही नाही.

"लेंगरे म्हणजे कोण, हे विद्यापीठात कुणाला माहीत आहे? लग्नाआधीचं नाव ते. तुला खोटं काही लिहायचं नाही, हर्षदा. फक्त गप्प बस. दहा दिवसांवर मुलाखत आहे."

ती अहवाल घेऊन प्रयोगशाळेत आली आणि काचेचं कपाट उघडून आपली वही काढली. काय सुबक अक्षर होतं. एक खाडाखोड नाही. चौथा स्क्रू तिनं का काढला होता, ते मात्र काही केल्या आठवेना. बहुतेक चित्र तोललेलं दिसावं म्हणून. मुलांना तिनं कधी 'उतरवा' म्हटलं नव्हतं. सरांनीही कधी 'खोटं लिहा' म्हटलं नव्हतं. सासूबाईंनासुद्धा तिनं कुठं सांगितलं होतं, की मला दीडशेच पाहिजे? तिचा फक्त चेहरा तसा होता.

पारखी चोर पकडत होता, तो पकडत राहील. पण जोवर दहातले चार गुण ठरलेल्या उत्तराला होते, तोवर मुलं खोटं लिहायची जास्त चांगली रीत शोधणार होती. थांबून थांबून लिहितील, शून्यं घालतील, दोनदा तोच अंक घालतील. निकिताला मात्र पाचच पडतील.

हर्षदानं पेन काढलं. कु. लेंगरे ह. दा. या नावासमोर तिनं लिहिलं: 'म्हणजे मीच, हर्षदा वाघमोडे, या चाचणीची समन्वयक. तेरा वर्षांपूर्वी मला कोन सोळा अंश बावन्न मिनिटं मिळाला होता. उत्तर जुळेना म्हणून मी तो बदलला. तेव्हा खरा लिहिला असता तर उपकरणातला दोष तेव्हाच सापडला असता. माझी सूचना: उत्तर जुळण्याचे चार गुण काढून टाकावेत. ते, न जुळलेल्या उत्तराचं कारण शोधण्याला द्यावेत.' खाली सही, तारीख. मग तिनं तेच पान पारखीत सरकवलं. यंत्र क्षणभर घुरघुरलं आणि शिक्का उमटला: अस्सल.

बाबरमामा दारातून बघत होते. "सरांना कळलं का?"

"आता कळेल," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

सरांनी वाचलं.  अहवालावर त्यांचीही सही लागायची, ती केली आणि कागद परत दिला. नंतरचे आठ दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती त्या आठ दिवसांत नीट जेवली नाही, पण झोप मात्र तिला गाढ लागली, याचं तिलाच नवल वाटलं.

मुलाखतीला पाच माणसं होती. चौघांनी ठरावीक विचारलं. पाचव्या, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, अहवाल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. शेवटचं पान वर होतं. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "आता किती येतं?"

"एका टेबलावर पाच हजार नऊशे दोन, दुसऱ्यावर पाच हजार आठशे सत्त्याऐंशी."

"त्र्याण्णव नाही येत?"

"नाही येत, मॅडम. नऊचा फरक का आणि सहाचा का, ते मुलं शोधतायत."

बाईंनी पान मिटलं. बाकीच्यांकडं बघून त्या म्हणाल्या, मला आणखी काही विचारायचं नाही.

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. पाटसकर सरांनी ते स्वतः आणून दिलं, आणि त्यासोबत काचेच्या कपाटाची किल्लीही. नमुना म्हणून आता कुणाची वही ठेवायची ते तू ठरव, एवढंच म्हणाले. हर्षदानं निकिताची ठेवली, खाडाखोडीसकट, पाच गुणांच्या शिक्क्यासकट. गुणांची नवी वाटणी विद्यापीठानं पुढच्या सत्रापासून लागू केली. निकितानं येऊन विचारलं, की माझे जुने पाच वाढणार का. हर्षदा म्हणाली, नाही. निकिता म्हणाली, मग ठीक आहे, कपाटात तरी आहेत.

पत्र पर्समध्ये ठेवून हर्षदा संध्याकाळी घरी आली. सासूबाई ओट्यापाशी होत्या. मनवा पायरीवर बसून फुंकरमीटरशी खेळत होती. हर्षदानं आधी पर्स खाली ठेवली, चपला काढल्या आणि ती पाणी प्यायली. मग मनवाशेजारी बसली.

मनवानं फुंकलं. काटा सरकला, थांबला. पोरीनं चटकन आईच्या तोंडाकडं पाहिलं.

"किती आलं? तूच वाच बरं," हर्षदा म्हणाली.

मनवानं बोट ठेवून रेघा मोजल्या. "एकशेपंधरा."

"बरोबर." हर्षदानं वही पुढं केली. "लिही. मग डॉक्टरकाकांना फोन करू."

मनवानं पेन्सिल मुठीत धरली आणि जिभेचं टोक बाहेर काढून, एकेका आकड्याआधी थांबत, तो लिहिला.